मजुरी मैलांची, मेहनत तासांची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मालवाहतूक हा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपला जाणारा विषय आहे. कारखान्यात माल तयार होतो, बाजारात तो विकला जातो आणि मधले अंतर जणू आपोआप कापले जाते, अशी त्या पुस्तकांची समजूत असावी. प्रत्यक्षात ते अंतर एक माणूस कापतो. त्याच्या दिवसातील किती तास श्रम म्हणून मोजले जातात आणि किती तास मजुरीच्या हिशेबातच येत नाहीत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. उदाहरण अमेरिकेचे आहे. चालकाच्या प्रत्येक मिनिटाची नोंद तेथे यंत्राने होते आणि तरीही त्याच्या श्रमाचा मोठा भाग विनामोबदला राहतो. तेथील फ्लॅटबेड ट्रेलरवर नव्याने कामाला लागणाऱ्या चालकाचे पहिले आठवडे पाहिले, म्हणजे हा विरोधाभास स्पष्ट होतो.

फ्लॅटबेड म्हणजे सपाट, उघडा ट्रेलर. त्याला बाजूचे कठडे नाहीत, छप्पर नाही. सुमारे ४८ फूट लांबीची आणि जमिनीपासून साधारण ५ फूट उंचीवरची ती एक फळी असते. पोलादी पत्र्याचे गुंडाळे, लोखंडी तुळया, इमारती लाकूड, अवजड यंत्रे असा बंद पेटीत न मावणारा माल तिच्यावरून जातो. भरलेल्या गाडीचे एकूण वजन आंतरराज्य महामार्गांवर सर्वसाधारणपणे ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत असू शकते. बंद पेटीच्या गाडीवरील चालक बहुधा दार लावून निघतो. फ्लॅटबेडच्या चालकाचे खरे काम माल चढल्यावर सुरू होते.

नोकरीचा आरंभ

व्यापारी वाहनाचा स्वतंत्र परवाना अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्याने आला आणि एप्रिल १९९२ पासून तो सक्तीचा झाला. आंतरराज्य वाहतुकीसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. वैद्यकीय तपासणी होते, मादक द्रव्यांची चाचणी होते. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला नोंदणीकृत संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावे लागते. मात्र त्याने चाकामागे किमान किती तास बसले पाहिजे, हे त्या नियमाने ठरविलेले नाही. उरलेले शिक्षण कंपनीत, एखाद्या जुन्या चालकाच्या शेजारी बसून होते.

फ्लॅटबेडवर हे शिक्षण मुख्यतः बांधणीचे असते. साखळ्या कोठे अडकवायच्या, पट्टे कसे आवळायचे, कडांवर संरक्षक तुकडे कसे ठेवायचे, हे नवा चालक शिकतो. साखळ्या-पट्ट्यांची एकत्रित भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये, हा नियम त्याला पाठ करावा लागतो. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी पुन्हा तपासायची. त्यानंतर ३ तास किंवा १५० मैल, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पुन्हा उतरून पाहायचे. पोलादाचा एकच गुंडाळा २० टनांपर्यंत भरू शकतो. त्याचे पोकळ तोंड गाडीच्या बाजूला ठेवले आणि बांधणी निसटली, तर तो घरंगळत थेट केबिनवर येऊ शकतो. चालकांच्या बोलीत या रचनेचे नाव ‘आत्महत्या’ असे आहे.

बांधणी झाली की ताडपत्री. चाळीस-पन्नास किलोंची घडी मालावर चढवायची, वाऱ्यात उलगडायची आणि रबरी दोऱ्यांनी खाली ओढून बांधायची. हे काम तासाभराचे, कधी त्याहून अधिक वेळाचे असते. पाऊस असो वा बर्फ, ते चालकालाच करावे लागते. त्यात पडून हातपाय मोडण्याचा धोका आहे. बांधणीत चूक झाली तर रस्त्यावरील दुसऱ्याच कोणाचा जीव जाण्याचा धोका आहे. कसब, शारीरिक कष्ट आणि जबाबदारी या तिन्ही कसोट्यांवर हे काम कुशल श्रमाच्या व्याख्येत चपखल बसते.

हिशेबाची दोन खाती

आता मजुरी पाहू. लांब पल्ल्याच्या चालकाला तेथे सामान्यतः मैलामागे ठरावीक सेंट मिळतात. चाक फिरले तर मजुरी, थांबले तर बहुधा नाही. ताडपत्रीसाठी काही कंपन्या ठोक रक्कम देतात. गिरणीच्या फाटकात खोळंबा झाला तर पहिले दोन तास ‘मोफत’ धरण्याचा या धंद्यात प्रघात आहे.

दुसरीकडे सुरक्षिततेचा केंद्रीय नियम आहे. सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर कामावर आलेल्या चालकाला १४ तासांची मुदत मिळते आणि त्या मुदतीत तो जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक आंतरराज्य चालकांच्या गाडीत ही नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे आहे. माल चढविणे, बांधणे, ताडपत्री घालणे हा सारा वेळ ‘कामावर, पण चालवीत नाही’ अशा सदराखाली नोंदवावा लागतो. म्हणजे शासनाच्या खात्यात तो तास काम आहे. मालकाच्या मजुरीच्या खात्यात तोच तास शून्य आहे.

उदाहरणादाखल मैलाला ६० सेंट दर आणि ताशी ५५ मैल सरासरी वेग धरू. चालकाने ११ तास गाडी चालविली, तर ६०५ मैलांचे ३६३ डॉलर होतात. परंतु माल चढविणे, बांधणी आणि ताडपत्री यांत ३ तास गेले आणि गिरणीच्या दारात ४ तास खोळंबा झाला, तर १४ पैकी ७ तासच चालविण्यासाठी उरतात. ३८५ मैलांचे २३१ डॉलर होतात. १४ तासांनी भागले असता तासाला साडेसोळा डॉलर पडतात. चालकाचे १३२ डॉलर बुडाले, आणि ज्याने त्याला थांबविले त्याला काही तोशीस लागली नाही. केंद्रीय किमान वेतनाचे बंधन या धंद्यालाही आहे. पण २००९ पासून ते तासाला ७.२५ डॉलरवर गोठलेले आहे आणि आठवड्याच्या सरासरीत ते सहज भरून निघते.

याचा परिणाम केवळ चालकाच्या खिशावर होत नाही. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात असा अंदाज मांडला आहे की, मालधक्क्यावरील सरासरी थांबा १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. कारण उघड आहे. गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढण्याची सक्ती मजुरीची पद्धतच करते.

ही स्थिती कशी आली?

ही स्थिती निसर्गाने आलेली नाही. १९३४ साली मिनियापोलिस येथे ट्रकचालक आणि गोदाम कामगारांनी मोठा संप केला. २० जुलैच्या पोलीस गोळीबारात दोन कामगारांचा बळी गेला, साठांहून अधिक जखमी झाले, पण संघटना टिकली. त्याच लढ्यातून पुढे आलेल्या फॅरेल डॉब्ज यांनी लांब पल्ल्याच्या चालकांना संघटित करण्याची पद्धत बसविली. १९३५ च्या कायद्याने वाहतुकीचे दर आणि मार्ग आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आले. १९६४ साली टीमस्टर्स युनियनने जिमी हॉफा यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी वेतन करार केला. त्याच्या कक्षेत चार लाखांहून अधिक कामगार आले.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. दर ठरविण्यात कंपन्यांची मक्तेदारी होती, मार्गांच्या परवान्यांमुळे गाड्या रिकाम्या परतत, आणि युनियनचे नेतृत्व भ्रष्टाचाराने बदनाम झाले होते. पोलाद वाहणाऱ्या चालकांकडे तर तिचे दुर्लक्षच झाले. १९६७ साली गॅरी आणि पिट्सबर्ग परिसरातील या चालकांनी युनियनच्या नेत्यांना न जुमानता काम बंद केले. गिरणीच्या दारात विनामोबदला तिष्ठत राहणे ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. म्हणजे खोळंब्याचा प्रश्न जुनाच आहे.

१ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी मोटार वाहतूक नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्यासारखे उदारमतवादी आणि ग्राहक चळवळीचे राल्फ नाडर हेही नियंत्रणमुक्तीच्या बाजूने होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ग्राहकाला माल स्वस्तात मिळावा हा त्यांचा हेतू गैर नव्हता. परंतु स्वस्ताई कोणाच्या मजुरीतून येणार, हा प्रश्न त्यांनी पुरेशा गांभीर्याने विचारला नाही. युनियनबाहेरच्या नव्या कंपन्यांची गर्दी झाली, दर कोसळले आणि कराराखालील कामगारांची संख्या घसरत गेली. अर्थशास्त्रज्ञ मायकेल बेल्झर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या धंद्याला चाकांवरचे पिळवणुकीचे कारखाने म्हटले.

यात आणखी एक जुनी फट होती. १९३८ च्या श्रम मानक कायद्याने आठवड्याला ४० तासांपुढील कामास दीडपट वेतन दिले, पण आंतरराज्य वाहतुकीतील चालकांना त्यातून वगळले. त्यांच्या तासांवर आंतरराज्य वाणिज्य आयोगाची देखरेख आहे, हे त्याचे कारण. तासांची देखरेख १९६७ मध्येच परिवहन खात्याकडे गेली आणि तो आयोगही १९९५ अखेर बरखास्त झाला. वगळणूक मात्र आजतागायत कायम आहे.

‘स्वतःचे मालक व्हा’

नव्या चालकासमोर थोड्याच दिवसांत दुसरा मोह ठेवला जातो. कंपनीचाच ट्रक भाडेपट्ट्याने घ्या, हप्ते फेडा आणि स्वतःचे मालक व्हा. मग गाडीचा हप्ता, डिझेल, विमा, दुरुस्ती ही सारी त्याच्या मिळकतीतून दर आठवड्याला कापली जातात. खेपा कोणत्या द्यायच्या हे कंपनीच ठरविते. कागदोपत्री तो मालक, व्यवहारात तो नोकर आणि जोखमीच्या बाबतीत तो कर्जदार ठरतो. ‘न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये एकमताने निर्णय दिला की, वाहतूक कामगारांना १९२५ च्या लवाद कायद्यातून मिळालेली सूट असे स्वतंत्र कंत्राटदार म्हटले गेलेले चालकही मागू शकतात. त्यामुळे न्यायालयाचे दार त्यांना उघडे राहिले. पुढे केंद्रीय पातळीवर नेमलेल्या एका अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये भाडेपट्ट्याच्या अशा योजनांवर बंदीचीच शिफारस केली.

मैलावर मजुरी दिली की माणूस झटून काम करतो, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. हा युक्तिवाद वेग चालकाच्या हातात असेल तेथेच लागू पडतो. गिरणीचे फाटक केव्हा उघडावे, क्रेन केव्हा यावी, हे चालकाच्या हातात नसते. ज्याच्या हातात विलंब टाळणे आहे त्यानेच विलंबाचा खर्च सोसावा, हे साधे अर्थशास्त्र आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूची उधळपट्टी होते. चालकाचा वेळ फुकट आहे, म्हणूनच तो उधळला जातो. मोठ्या ट्रकलोड कंपन्यांत १९९५ ते २०१७ या काळात दरवर्षी नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ९४ टक्के होते. ज्याला मालकवर्ग ‘चालकांची टंचाई’ म्हणतो, तिचा उगम येथे शोधावा लागतो.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही चालकाची मजुरी बहुधा खेपेवर ठरते आणि मालधक्क्यावरची रात्र तिच्यात धरली जात नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. एकदोन गाड्यांच्या मालकांकडील असंख्य चालक त्याबाहेरच राहिले. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. जुन्या कायद्यातील फट नव्या नियमांत राहते की बुजते, यावर नजर ठेवणे हे तातडीचे काम आहे.

दुसरे असे की, या प्रश्नावरचा एक उपाय महाराष्ट्राने स्वतः घडविलेला आहे. ज्याला एक ठरावीक मालक नाही, जो आज या पेढीचे तर उद्या त्या पेढीचे ओझे उचलतो, त्या हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळाचा आधार दिला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची आणि त्यातून कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा मिळायची. अण्णासाहेब पाटील यांचे आंदोलन आणि बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांचे काम यांमुळे हे घडू शकले. अमेरिकेतील फ्लॅटबेडचालक जे बांधणीचे काम बहुधा मैलाच्या दरातच करतो, त्याच्याच जातीच्या कामाला येथे स्वतंत्र मोल मिळाले. चालक मात्र त्या कायद्याच्या बाहेर राहिला.

‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही मागणी येथील मालवाहतूकदार करीत आले आहेत. तिचे तत्त्व योग्य आहे, पण ते वाहतूकदाराच्या नफ्यापाशी थांबता कामा नये. माल ज्याचा, खोळंब्याचा खर्चही त्याचाच, आणि ती भरपाई गाडीच्या मालकाच्या खात्यात न थांबता चालकाच्या हातात पडली पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या कायदादुरुस्तीने रस्ता वाहतुकीतील स्वतंत्र कंत्राटदार चालकांसाठीही किमान मानके ठरविण्याचा अधिकार आपल्या श्रम आयोगाला दिला आहे. अशी व्यवस्था अशक्य नाही, याचा तो दाखला आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील ट्रक टर्मिनल, बाजार समिती आणि औद्योगिक वसाहतीच्या फाटकांपासून सुरुवात करावी. गाडी फाटकात केव्हा आली, माल केव्हा चढला, ताडपत्री कोणी बांधली, गाडी केव्हा सुटली, याची साधी वही चालकांच्या हाती द्यावी. एका महिन्याच्या अशा नोंदी हाती असल्या, म्हणजे खोळंब्याची मजुरी मागताना मालकाशी आणि कामगार आयुक्तांशी मोघम बोलावे लागणार नाही.