बदकाच्या पोटातले दुकान



आज एका दुकानाची हकीकत सांगतो. हे दुकान दूर अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. तिथे पूर्वी बदके पाळण्याचा मोठा धंदा होता. मार्टिन मॉरर हा तिथलाच एक बदकवाला शेतकरी.

साल होते १९३१. अमेरिकेत मंदी आली होती. लोकांच्या हाती पैसा नव्हता. मॉररकडे बदके होती, अंडी होती. गिऱ्हाईक रस्त्याने जात होते, पण मोटारीतून! मोटार भुर्रकन निघून जाते. पाटी वाचायला थांबतो कोण?

मॉररने कॅलिफोर्नियात एक कॉफीचे दुकान पाहिले होते. ते होते कॉफीच्या किटलीसारखे. त्याच्या मनाने घेतले, आपण बदके विकतो, मग दुकानच बदकासारखे का करू नये?

त्याने नाटकाचे देखावे करणारे दोघे भाऊ गाठले. सुतार बोलावला. लाकडाचा सांगाडा केला. त्यावर तारेची जाळी ठोकली. वरून सिमेंट थापले आणि पांढरा रंग दिला. डोळ्यांच्या जागी फोर्ड मोटारीचे मागचे दिवे बसवले. बदक झाले २० फूट उंच आणि ३० फूट लांब! तीन माणसे एकमेकांच्या खांद्यावर चढली, तरी त्याच्या डोक्याला हात लागायचा नाही. दार ठेवले छातीत. गिऱ्हाईक बदकाच्या पोटात शिरे आणि बदक घेऊन बाहेर येई.

आपल्याकडे रसवंतीचे घुंगरू वाजले की, पाटी न वाचताही रस आठवतो. तशीच ही युक्ती. लांबून दिसले की कळे, इथे बदके मिळतात.

पुढे काय झाले? बदकांची घाण ओढ्यांत, खाडीत जाई. पाणी नासले. सरकारने कडक नियम केले. शहरातली माणसे घरांसाठी जागा घेऊ लागली, जमिनीचे भाव चढले. एकामागून एक बदकवाड्या बंद पडल्या. दुकानातली विक्रीही थांबली.

बदक मात्र लोकांनी मोडू दिले नाही. १९८८ साली ते उचलून सरकारी बागेत नेले. १९९७ साली देशाच्या जपण्याजोग्या वास्तूंच्या यादीत त्याचे नाव लागले. २००७ साली ते फ्लँडर्स गावी आपल्या जुन्या जागी परत आले. लोक मुद्दाम बघायला जातात. पण तिथे आता बदके विकत नाहीत.

मंडळी, मॉररची युक्ती नामी होती. तिने गिऱ्हाईक थांबवले. पण धंदा काही नुसत्या युक्तीवर तगत नाही. त्याला चांगले पाणी लागते, हातात जमीन लागते. पाटी नवी करता येते. नासलेला ओढा लवकर सुधारत नाही, आणि गेलेली जमीन परत येत नाही. एवढे ध्यानात ठेवा.