कीड सातबारा पाहत नाही



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे यवतमाळात मनापासून स्वागत करतो. पोळा होऊन गेला आहे, वेचणीच्या आरंभीची सीतादही अजून व्हायची आहे. कपाशीवर पात्या, फुले आणि हिरवी बोंडे एकाच वेळी आहेत. गुलाबी बोंडअळीवर बोलायचे तर हेच दिवस. आज जे दिसेल त्यावर काही करता येते. दिवाळीनंतर नुकसानीचे पंचनामे तेवढे उरतात.

ही परिषद यवतमाळला व्हावी असा आग्रह आम्ही धरला, त्याला कारण आहे. २०१७ च्या खरिपात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी पुरुषभर वाढलेली, हवा कोंदट, पाठीवर पंप आणि तुषार थेट तोंडावर. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभरातल्या बीटी कपाशीचा घास घेतला. माणसे विषाने गेली आणि अळी बोंडाच्या आत सुखरूप राहिली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून किडीच्या वंशवृद्धीलाच हात घालणारे उपाय आमच्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय नाहीत.

ही अळी सुखरूप का राहते, हे सभागृहातल्या बिगरशेतकरी पाहुण्यांसाठी सांगतो. उद्या शिवारात एखादे हिरवे बोंड तोडून हातात घ्या. बाहेरून ते निरोगी दिसेल. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की बोंडात शिरताना पडलेले छिद्र पुढे बुजून जाते. नखाने पाकळी उकला. आत सरकी पोखरलेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, रुई पिवळी पडलेली, आणि मध्ये गुलाबी अळी. फुलात शिरली असेल तर पाकळ्या रेशमाने आतून शिवल्यासारख्या मिटून राहतात. आमच्याकडे त्याला डोमकळी म्हणतात. एकदा आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. तिला गाठायचे तर ती जन्माला येण्याआधी, म्हणजे पतंगांचे मीलन होण्याआधीच गाठले पाहिजे.

या विचाराचा पाया ज्यांनी घातला, त्यांचे स्मरण या व्यासपीठावरून व्हायला हवे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड हे कीटकशास्त्रज्ञ जनावरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा अभ्यास करत होते. या माशीच्या अळ्या जित्या जनावराचे मांस खातात. मादी आयुष्यात बहुधा एकदाच नराशी संग करते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग तो नरच निर्बीज असला तर? क्ष-किरणांनी माशांच्या आनुवंशिक गुणांत बदल होतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्येच दाखवले होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नरांवर किरणांचा मारा करून त्यांना मोकळे सोडायचे, असे ठरले.

निपलिंग यांनी १९५५ मध्ये मांडलेला हिशेब मी गावच्या बैठकांत पुन्हा पुन्हा सांगतो. समजा, शिवारात दहा लाख माद्या आहेत आणि दर पिढीला वीस लाख निर्बीज नर सोडले. पुढच्या पिढीत माद्या उरतात ३,३३,३३३. नर तितकेच सोडत राहिले तर त्यापुढे ४७,६१९, मग १,१०७, आणि त्यापुढच्या पिढीत एकही नाही. कीटकनाशकाचा अनुभव याच्या उलट आहे. कीड विरळ झाली की उरलेल्या थोड्यांना शोधून मारणे फवाऱ्याला जमत नाही. निर्बीज नर मात्र मादीला स्वतः शोधत जातो, आणि कीड जितकी घटेल तितका त्याचा प्रभाव वाढतो. कीड उसळल्यावर तो कामाचा नाही; ती दबलेली असतानाच तो सोडायचा असतो.

हा हिशेब मांडला जाण्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर ही कल्पना खरी ठरली होती. काही महिन्यांत तिथली माशी संपली. पुढे अमेरिका, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पनामापर्यंत ती मागे रेटली गेली. मात्र २०२३ पासून ती पनामाचा अडसर ओलांडून पुन्हा उत्तरेकडे सरकली आणि २०२४ च्या अखेरीस मेक्सिकोत सापडली. अडसर राखण्याचे काम कधीच संपत नाही, हेही परिषदेने विसरू नये.

आपल्या गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद १८४३ मध्ये प्रथम झाली, ती भारतातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. १९१७ मध्ये ती टेक्सासमध्ये आढळली, आणि एका शतकानंतर, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तिथेही बीटी कपाशी होतीच. पण तिच्या जोडीला कामगंध, म्हणजे नराला बोलावणारा मादीचा गंध, होता, हंगाम संपताच पऱ्हाट्यांची विल्हेवाट होती, आणि विमानांतून सोडलेले अब्जावधी निर्बीज पतंग होते. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या केंद्रात वाढणाऱ्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळत. सापळ्यात अडकलेला पतंग चिरडला आणि आत लाल निघाला तर तो आपला सोडलेला. नाही निघाला तर तो रानातला. इतक्या साध्या खुणेवर रोजचा हिशेब चाले. आणि हे सारे घडण्याआधी तिथल्या कापूस उत्पादकांनी मतदान करून स्वतःवर वर्गणी बसवून घेतली होती. त्या विमानांपेक्षा मला हे मतदान मोठे वाटते.

पतंगांची जात किरणांना चिवट असते, हेही खरे. नर पुरता निर्बीज होईल एवढी मात्रा दिली तर तो दुबळा होतो आणि मादीपर्यंत पोचत नाही. त्यावरचा तोडगा असा की मात्रा थोडी कमी ठेवायची. नर धडधाकट राहतो आणि त्याची पुढची पिढी वांझ निपजते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही किडींच्या निर्बीजीकरणावर काम झाले आहे, तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही.

आता कामगंधाविषयी. १९५९ मध्ये जर्मनीच्या आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीम-पतंग माद्यांमधून पहिला कामगंध वेगळा केला. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध, गॉसिप्लुअर, १९७३ मध्ये ओळखला गेला. या गंधाचे हेक्टरी पाच सापळे, पिकाच्या एक-दीड फूट वर, ही शिफारस आता आपल्याला पाठ आहे. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग आले की उपाय योजायचा. पण सापळ्यातला गंधाचा ल्यूर तंबाखूच्या हाताने लावला जातो, महिना उलटला तरी बदलला जात नाही, आणि रिकामा सापळा पाहून शेतकरी निर्धास्त होतो. आमच्या स्वयंसेवकांना पहिला धडा दिला तो साबणाने हात धुऊन ल्यूर बसवण्याचा.

दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांकडून आम्हाला आणखी शिकायचे आहे. २०१४ मध्ये युरोपीय संघाने हापूससह आपल्या आंब्यावर बंदी घातली, ती फळमाशीपायी. फळमाशीला ओढणारे मिथाइल युजेनॉल वापरणारा कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बागेबागेत कसा रुजला, हे त्यांनी उद्याच्या सत्रात सविस्तर सांगावे.

माझी परिषदेकडे एकच मागणी आहे. सापळ्यांच्या पुढची पायरी मीलनात अडथळा आणण्याची. गॉसिप्लुअर भरलेले धागे झाडांना बांधले की सारे शेत मादीच्या वासाने भरते आणि नराला खरी मादी सापडत नाही. एकट्याने एक-दोन एकरात हे केले तर पैसा वाया जातो, कारण शेजारच्या वावरात फळलेली मादी धुरा ओलांडून येते आणि अंडी घालून जाते. कीड सातबारा पाहत नाही. तरीही योजना येते ती लाभार्थ्यांच्या यादीने: या गावातले दहा, त्या गावातले पंधरा. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे याचसाठी होते की किडीत बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये. ती पाकिटे बहुतेक धुऱ्यांवर पेरलीच गेली नाहीत. प्रत्येकाने एकेकट्याचा फायदा मोजला, आणि तोटा साऱ्या शिवाराला झाला.

म्हणून माझे म्हणणे असे की इथून पुढे मदतीचा घटक शेतकरी नको, शिवार असावे. लागून असलेली काही गावे निवडा. तिथल्या प्रत्येक वावरात, अगदी बटईच्या आणि पडीक धुऱ्यावरच्या कपाशीतही, एकाच आठवड्यात धागे लागू द्या. जिनिंगच्या आवारात सापळे हवेतच. सरकीतले पतंग तिथूनच पुन्हा रानात उतरतात. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे लांबवलेले कपाशीचे पीक, नको, आणि पऱ्हाट्यांचे ढीग गोठ्यामागे राहायला नकोत. फरदडीच्या दोन पैशांवर ज्याचे घर चालते, त्याला भरपाई कशी द्यायची, यावर मात्र परिषदेने प्रामाणिकपणे बोलावे. नुसता उपदेश तो ऐकणार नाही आणि त्याने ऐकावा तरी का?

अशा शिवारांत कीड खरोखर विरळ झाल्याचे सापळे दाखवतील, तेव्हा निर्बीज पतंग सोडण्याचा प्रश्न हाती घेता येईल. महाराष्ट्रात कपाशी सुमारे ४० लाख हेक्टरांवर आहे. सगळीकडे पतंग सोडू असे कोणी म्हणू नये. पण डोंगराने किंवा जंगलाने वेगळा पडलेला एखादा कपाशीचा पट्टा निवडून तिथे सुरुवात करता येईल का, याचे उत्तर नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, कृषी विद्यापीठे आणि अणुशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून द्यावे. जागा, माणसे आणि सापळ्यांच्या रोजच्या नोंदी आम्ही देऊ.

उद्या सकाळी सात वाजता शिवारफेरीच्या गाड्या सभागृहासमोरून सुटतील. ऊन चढण्याआधी सापळे मोजायचे आहेत, तेव्हा कृपया वेळ पाळावी. जेवणाची व्यवस्था बचत गटांच्या भगिनींनी केली आहे. भाकरी, झुणका आणि ठेचा आपल्याला गोड लागेल अशी आशा आहे. व्यवस्थेत काही उणे आढळले तर हक्काने मला सांगा. आपल्या सर्वांचे पुन्हा एकवार स्वागत करून मी उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.