राणीच्या बागेची दोन पंचांगं

भायखळ्याला राणीची बाग आहे, हे सांगायला कुणा कवीची गरज नाही. कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोकांच्या तोंडी मात्र राणीबागच. तिथं जाऊन आलेल्या पोराला विचारा, काय पाहिलंस? तो सांगेल, वाघ, पाणघोडा, पेंग्विन. खरी गोष्ट अशी, की ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली ती वनस्पतींची बाग म्हणून. पिंजरे नंतर आले. सुमारे पन्नास एकरांत आजही तीन हजारांच्या आसपास झाडं उभी आहेत. त्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशातली उर्वशी, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती आणि आपल्या सह्याद्रीतला सीताअशोक, सगळे एकाच आवारात. मुंबईच्या चाळीत राहावेत तसे.

या बागेतल्या सणांविषयी आज थोडं बोलणार आहे. एक सण सगळ्यांना ठाऊक आहे. महापालिकेचा पुष्पोत्सव. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत तो भरतो. कुंड्यांतली फुलं, फळझाडं, भाज्या, फुलांनी सजवलेल्या आकृत्या. दोन-तीन दिवस पाय ठेवायला जागा नसते. गर्दी पाहून बरं वाटतं. पण उत्सव संपला की कुंड्या उचलल्या जातात आणि लोकही जातात. झाडं आपला सण साजरा करत तिथंच राहतात. त्याची जाहिरात कुठं येत नाही.

झाडांचं पंचांग असं. थंडी ओसरू लागली की पांगारा आणि पळस पेटतात. त्याच सुमारास सीताअशोकाच्या फांद्यांवर केशरी घोस येतात आणि उर्वशीची लालगुलाबी फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात. एप्रिल-मे म्हणजे बहाव्याचा पिवळा आणि ताम्हणाचा जांभळा. ताम्हण हे आपलं राज्यफूल आहे, हे किती जणांना आठवतं? पावसाच्या तोंडाशी गोरखचिंच फुलते. तिची मोठी पांढरी फुलं संध्याकाळनंतर उमलतात. वटवाघळं त्यांचे पाहुणे. बाग तोवर बंद झालेली असते, म्हणून आपल्या वाट्याला सकाळी खाली पडलेली फुलंच येतात. पुढं ऑक्टोबरात सातवण. त्याच्या वासानं कुणाचं डोकं चढतं, कुणाला घर आठवतं.

दुसरं पंचांग आमच्या मोहल्ल्याचं. मदनपुरा, नागपाडा, भायखळा इथल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतली माणसं ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, डबे बांधून राणीबागेत जातात. नवे कपडे, उरलेला शीरखुर्मा, झाडाखाली पसरलेली चादर. आता यातली गंमत पाहा. हिंदू पंचांगातले महिनेही चंद्राचेच. पण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतात. म्हणून होळी पळसाची सोबत सोडत नाही. हिजरी सनात अधिक महिना नाही. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. २००० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरात दुसरी, अशा दोन रमजान ईद झाल्या. २००७ ची ऑक्टोबरात, सातवणाची. २०१७ ची जूनच्या अखेरीस, गोरखचिंचेची. म्हणजे जो माणूस फक्त बासी ईदलाच बागेत जातो, त्यालाही तेहेतीस वर्षांत प्रत्येक झाडाचा बहर एकदा भेटतो. माझी अम्मी वर्षं अशीच मोजायची. ‘वो पीले फूलोंवाली ईद,’ म्हणायची. साल विचारलं तर तिला सांगता येत नसे. बहावा मात्र तिच्या पक्का लक्षात असे.

१९९३ ची ईद मार्चच्या अखेरीस आली. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली आणि त्यामागून आलेले बॉम्बस्फोट यांतून शहर अजून सावरलं नव्हतं. त्या बासी ईदला आमच्या घरातून कुणी बागेत गेलं नाही. डबा भरलाच नाही. घरापासून बाग चालत पंधरा मिनिटांवर, पण तेवढंही अंतर त्या दिवसांत फार होतं. सीताअशोक आणि उर्वशी फुलायच्या त्या वेळेला फुलल्या असणार. २०२५ ला ईद पुन्हा त्याच मोसमात आली, ३१ मार्चला. मी नातवाला घेऊन गेलो. शेजारच्या चादरीवर लालबागचं एक कुटुंब होतं. त्यांच्या थर्मासातला चहा आमच्याकडे आला, आमचा शीरखुर्मा तिकडे गेला. नातवानं विचारलं, ‘दादा, इस झाड का नाम क्या?’ मी म्हटलं, ‘सीताअशोक.’ तिकडची मुलगीही तेच नाव मोठ्यानं म्हणू लागली.

नाव माहीत असणं ही साधी गोष्ट नव्हे. २००७ च्या सुमारास या बागेचं रूपांतर मोठ्या आधुनिक प्राणिसंग्रहालयात करण्याचा आराखडा पुढं आला, तेव्हा झाडांचं काय, हा प्रश्न काही नागरिकांनी विचारला. ते झाडं ओळखणारे लोक होते. अमुक जागी अमुक झाड आहे, असं ते बोट ठेवून सांगू शकत होते. वर्षानुवर्षं त्यांनी पाठपुरावा केला आणि मूळ आराखडा मागे पडला. नुसतं ‘हिरवळ वाचवा’ म्हणून एवढं झालं नसतं. ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, ते झाड एखाद्या रात्री गेलं तरी सकाळी कुणाच्या ध्यानात येत नाही. माणसांचंही तसंच असतं.

म्हणून एक विनंती. राणीबाग बुधवारी बंद असते; इतर कुठल्याही दिवशी जा. पेंग्विन जरूर पाहा, मुलांचा तो हक्क आहे. पण रांगेत उभं राहायच्या आधी एक झाड निवडा. पुष्कळ झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, त्या मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. पुढच्या मोसमात त्याच झाडाकडे पुन्हा जा. २०३० साली ईद फेब्रुवारीच्या आरंभी, पुष्पोत्सवाच्या दिवसांत येईल. तेव्हा गर्दी दुप्पट असेल. चादर जरा लवकर येऊन पसरा, आणि शेजारी थोडी जागा ठेवा.