वजन उतरलं, पण कशाचं?

(मंडळाच्या महिला मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलेला माणूस. एरवी मंडपाची वायरिंग बघतो; यंदा घरातलाच अनुभव सांगा, असा आग्रह झाला.

आमच्या थोरल्या वहिनी भालकीला असतात. वय ५४. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून पोट सुटलं. मग मोबाईलवर उपाय शोधणं सुरू झालं. आपल्याकडे हे नवीन नाही. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणत, तर ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खा म्हणत. २०१८ च्या सुमारास व्हॉट्सॲपवर घराघरांत दोन तट पडले होते. ती माणसं निदान नावानिशी, कारण देऊन बोलत होती. आता रीलमध्ये कोण बोलतंय तेही कळत नाही.

अशाच एका रीलवरून वहिनींनी भाकरी आणि वरण सोडलं. सकाळी काकडीचा रस, रात्री नुसतं सूप. चार महिन्यांत ९ किलो उतरले. घरच्या ग्रुपवर फोटो आला. पहिला अंगठा माझाच होता. पंधरा दिवसांनी मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं. चरबी पोटावर साठू लागते, स्नायू कमी होतात, हाडं पहिल्या काही वर्षांत भराभर विरळ होतात. अशात उपाशी राहिलं, तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही झिजतात. वजनकाट्याला त्यातला फरक कळत नाही. म्हणून कंबरही मोजा; ती ८० सेंटीमीटरच्या आत असावी. आणि साखरेची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका.

"मग खायचं तरी काय?" वहिनींनी जरा रागानंच विचारलं. बाई हसल्या. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तुम्ही वरण सोडून काकडी पिता? १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, दही-ताक चालू ठेवा. तेल, साखर आणि रील बघताना हाताला लागणारा चिवडा कमी करा. (तो चिवडा कुणीच मोजत नाही.) आठवड्यात १५० मिनिटं भरभर चाला, दोन दिवस भरलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन हातांचा व्यायाम करा.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. पुढं ३ किलो परत आले, त्याचा फोटो काही ग्रुपवर पडला नाही. आता त्या शेजारच्या दोघींना घेऊन रोज संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालत जातात. मी म्हटलं, "वहिनी, ग्रुपवर सांगू का?"

"भाऊजी, आधी तुमची कंबर मोजा," त्या म्हणाल्या.