हसणारे आणि वाखाणणारे

आमच्या सीताबर्डीच्या रात्रीच्या वर्गातील एक बाई चार दिवस आल्या नाहीत. शेजारणी हसल्या म्हणे, "या वयात पाटी!" दुसऱ्या एका गृहस्थांना सही करता आली. सर्वांनी वाहवा केली. तेव्हापासून तेही येत नाहीत! आम्हांला विचाराल तर दोघांचे दुखणे एकच.

अण्णासाहेब कर्व्यांचे ऐका. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी लग्न केले. कोकणातल्या त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. आपल्याच गावात, आपल्याच आईच्या घरी राहायची चोरी! घाव मोठा होता. पण अण्णांनी काम सोडले नाही. विधवांसाठी आश्रम काढला. दिवसा पुण्यात कॉलेजात गणित शिकवायचे, मग पायी हिंगण्याच्या आश्रमात जायचे. चिखल असो की अंधार.

पुढे नाव झाले. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. आता बसून हार घालून घ्यावेत की नाही? पण १९३६ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना, अण्णांनी खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढले, आणि पैसापैसा मागत हिंडले. भारतरत्न मिळाले ते १९५८ साली, शंभरीत.

त्या बाईंची पाटी इथे फळ्याखाली ठेवली आहे. कुणाच्या वाटेवर त्यांचे घर असेल तर सांगा, धडा आम्ही पुढे नेलेला नाही.