पद्मिनीचं स्टिअरिंग: आधी ढिलाई शोधा



कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी
आजही काही घरांत हौसेनं जपलेली आहे.
आज बोलूया तिच्या स्टिअरिंगबद्दल.

मुख्य गोष्ट आधी सांगते.
ढिलाई कुठे आहे ते शोधा.
मगच पाना हातात घ्या.

गाडी सपाट जागी उभी करा.
चाकं सरळ ठेवा.
एकानं स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावं.
दुसऱ्यानं बाहेरून टाय रॉडचे सांधे पाहावेत.
रॉड हलतो, पण चाक हलत नाही?
मग तो सांधा झिजलाय.
तो बदलाच.
ठोकून किंवा वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नका.

सांधे ठीक आहेत?
मग स्टिअरिंग बॉक्स पाहा.
त्यातलं गिअर ऑइल तपासा.
गळती असेल, तर सील बदला.
बॉक्सवरचा स्क्रू आवळला, की ढिलाई कमी होते खरी.
पण जास्त आवळला, तर स्टिअरिंग जड होतं.
वळणानंतर ते आपसूक सरळ येत नाही.

आता सुरक्षिततेचं.
गाडीखाली जाण्याआधी हँडब्रेक ओढा.
चाकांना दगड लावा.
नुसत्या जॅकवर भरवसा नको.
खाली भक्कम घोडी हवीच.

सांधा बदलताना काढलेली स्प्लिट पिन परत वापरू नका.
नवी घाला.
शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्या.

पुन्हा सांगते.
आधी ढिलाई शोधा, मग दुरुस्ती करा.
आणि मनात जरा जरी शंका असेल,
तर गाडी जाणत्या मेकॅनिकलाच दाखवा.