माळ्यावरची आगगाडी

आज बचत, कर्ज, हप्ता यांतलं काही बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते सुटलेल्या छंदाबद्दल. आपल्यापैकी कितीतरी जणींनी रुखवतासाठी काड्यापेट्यांची आगगाडी केली असेल, गोधडीवर नक्षी घातली असेल. मग संसार वाढला, चष्मा लागला आणि ते सामान पेटीच्या तळाशी गेलं.

आमच्या लालबागच्या गटात एक ताई आहेत. पोळी-भाजीचे डबे करून देतात. त्यांचा छंद जरा वेगळा, छोट्या आगगाड्यांचा. त्यांचे वडील परळच्या रेल्वे कारखान्यात होते. हा कारखाना १८७९ सालचा, इंजिनं दुरुस्त करणारा. कामावरून आल्यावर वडील आणि लेक मिळून पुठ्ठ्याचे डबे करायचे. इंजिन आणि रूळ तेवढे विकतचे. माप मात्र खऱ्या गाडीचं. लांबच्या गाडीचा डबा तेव्हा २१ मीटरहून थोडा लांब असायचा. तो ८७ पट लहान केला की साधारण साडेचोवीस सेंटीमीटर होतो. दहा बाय बाराच्या खोलीत जेवणं झाली की रूळ मांडायचे आणि अंथरूण घालायच्या आधी उचलायचे.

वडील गेले आणि गाडी माळ्यावर गेली. ती सहा वर्षं तिथेच होती. विचारलं तर ताई म्हणायच्या, "वेळ कुठे आहे?" पण एकदा बैठकीनंतर निवांत बोलत बसलो, तेव्हा कळलं की वेळ हे एकच कारण नव्हतं. डबा हातात घेऊन "छान जमलाय गं" म्हणणारं माणूस राहिलं नव्हतं. घरात कुणीतरी "या वयात खेळणी कसली?" असं म्हणालं होतं. शिवाय बापलेकीनं पुलासकट अख्खं परळ स्टेशन करायचं ठरवलं होतं. खोकं उघडलं की झालेलं दिसायचं नाही, राहिलेलंच दिसायचं.

पुढे चाळ पुनर्विकासात निघाली. खोली रिकामी करायची होती. भाड्याच्या जागेत काय न्यायचं, भंगारात काय द्यायचं, याची यादी झाली आणि खोकं भंगारात निघालं. देण्याआधी एकदा लावून बघू म्हणून ताईंनी रूळ जोडले. गाडी हलली नाही. त्यांना वाटलं, मोटर गेली.

मोटर ठीक होती. या गाड्यांना वीज रुळांतूनच मिळते, तीही साधारण १२ व्होल्टची. रुळांतून ती चाकांत आणि चाकांतून मोटरीत जाते. गाडी बरीच वर्षं पडून राहिली की रुळांवर आणि चाकांवर काळपट थर बसतो आणि वीज पोचत नाही. मग प्लग काढायचा, शेगडी-दिव्यापासून लांब बसायचं, मऊ फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन रूळ आणि चाकं पुसायची, पूर्ण वाळू द्यायची. ताईंनी तसं केलं. गाडी वीतभर चालली आणि थांबली. पुन्हा पुसलं, तेव्हा पूर्ण फेरी झाली. खोकं भंगारात गेलं नाही.

पण मैत्रिणींनो, गाडी चालली म्हणून ताईंचं मन लगेच परत आलं असं नाही. नव्या खोलीत ते खोकं दोन महिने बांधलेलंच होतं. मग गटातच ठरलं. दर गुरुवारी दुपारचे डबे गेले की अर्धा तास बसायचं आणि एकच डबा करायचा. स्टेशनचं नाव काढायचं नाही. गणपतीची कागदी मखरं करणारी आमची दुसरी एक सदस्य सोबत बसू लागली. ती पुठ्ठा कापते, ताई चिकटवतात. आतापर्यंत तीन डबे झाले. दुसरा थोडा वाकडा आहे, तोही गाडीला जोडलाय.

माथेरानची गाडी तुम्हाला माहीत असेल. १९०७ साली सुरू झालेली ही छोटी गाडी २०१९ च्या पावसात दरडी कोसळून, रूळ वाहून बंद पडली. रेल्वेनं सगळा मार्ग दुरुस्त होईपर्यंत वाट पाहिली नाही. वरचा अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा त्याच वर्षी डिसेंबरात सुरू केला. नेरळपासूनची पूर्ण गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये धावली. मधल्या काळात तो छोटा टप्पा लोकांच्या कामी आला.

आणि अशा छंदाला खेळणी म्हणून हसणाऱ्यांना पुण्याचं उदाहरण सांगा. कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या याच छंदातून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं. गटाची सहल पुण्याला गेली तर मुलांना घेऊन जरूर बघा.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की प्रत्येकीनं सुटलेल्या छंदाचं नाव सांगायचं आणि तो का सुटला तेही सांगायचं. वेळ, पैसा, कुणाचा टोमणा, सोबत नसणं, जे असेल ते. मग आठवड्यातला अर्धा तास ठरवा आणि सोबतीला कोण बसेल तिचं नाव वहीत लिहा. गोधडी असेल तर एकच चौकोन, विणकाम असेल तर चारच ओळी. महिन्यानं केलेलं काम बैठकीत आणा. अर्धवट असलं तरी आणा.